पहिल्या ओळीतला नारळ

“म्याडम, नम्म तेंगिनकाई एल्ली होत री?”

आमचा नारळ कुठं गेला, असं फकीरप्पा मेस्त्री मला फोनवर विचारत होते. बुधवारची दुपार होती. उणकलच्या ऑफिसात मी नुकताच डबा उघडला होता. फकीरप्पा म्हणजे अमरगोळच्या मार्केट यार्डातल्या एका शेडच्या हमालांचे प्रमुख. आवाज एकदम शांत. प्रश्न विचारतात आणि गप्प बसतात, आणि समोरच्याला काहीतरी बोलावंच लागतं.

“कुठला नारळ, मेस्त्री?”

“लिस्टातला. पहिल्या वळीत नारळ असतोय. आज नाही. तिथं दुसरंच कायतरी आलंय.”

“सकाळी कुणीतरी पेटी उशिरा चालू केली असेल. उद्या परत ठेवा.”

“मी सोता ठिवलाय री.”

“बघते,” म्हणाले आणि फोन ठेवला. बघितलं मात्र नाही. डबा संपवला, हात धुतले आणि माझ्या आवडत्या कामाला लागले. आज हे लिहिताना लाज वाटते, पण वाटते तर वाटते.

आमची कंपनी छोटी आहे. वजनकाट्याला जोडायच्या पेट्या आम्ही बनवतो. काट्यावर पोतं ठेवलं की पेटी वजन दाखवते, त्याची एक ओळ फाईलमध्ये लिहिते: वेळ, मालाचा नंबर, वजन. दुपारी आणि संध्याकाळी बटण दाबलं की सगळ्या ओळींची यादी छापून येते. फकीरप्पांच्या शेडमध्ये रोज सकाळी रिकाम्या काट्यावर पहिल्यांदा नारळ ठेवतात. त्याचीही ओळ लिहिली जाते. म्हणून यादीच्या अगदी वर नारळ, आणि मग कांद्याची पोती.

हा नारळ मला पहिल्यापासून खटकायचा. आम्ही बौद्ध. माझे अप्पा रेल्वे वर्कशॉपात फिटर होते, आणि यंत्राला हळदकुंकू लावणाऱ्यांशी त्यांचं कधी पटलं नाही. ते माझ्यात उतरलंय. नारळाची ओळ यादीतून गाळून टाकावी असं मी एकदा मीटिंगमध्ये सुचवलंही होतं. यार्डातल्या लोकांनी ऐकलं नाही. तेव्हा नारळ गेला म्हटल्यावर मला काही फार वाईट वाटलं नाही.

शिवाय त्या आठवड्यात मी वेगळ्याच आनंदात होते. कित्येक वर्षं मनात असलेलं काम माझ्या हातून पुरं झालं होतं. ते काय होतं, ते जरा सांगते.

पेटीतला प्रोग्रॅम स्वतः फाईलमध्ये काही लिहू शकत नाही. त्याला ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, विनंती करावी लागते: ‘या फाईलमध्ये, या जागी, एवढं लिही.’ या विनंतीला सिस्टिम कॉल म्हणतात. विनंती करायची रीत प्रत्येक प्रोसेसरची वेगळी. प्रोसेसरच्या आत रजिस्टर नावाच्या मोजक्या जागा असतात. कुठली माहिती कितव्या जागेत ठेवायची, हे ठरलेलं असतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं ही डोकेदुखी घेऊ नये म्हणून मध्ये एक सी लायब्ररी असते. त्या लायब्ररीत प्रत्येक सिस्टिम कॉलसाठी एक छोटं फंक्शन असतं. ते सगळं योग्य जागी भरून कर्नलचं दार वाजवतं. या फंक्शनला रॅपर म्हणतात.

आमची सी लायब्ररी घरची. जोशी सरांनी लिहिलेली. सर आता निवृत्त होऊन धारवाडला असतात. पहिल्या पेटीत मेमरी इतकी कमी होती की बाजारातली कुठलीच लायब्ररी तीत मावेना, म्हणून त्यांनी स्वतःची लिहिली. मग नवा प्रोसेसर आला, सरांनी सगळ्या रॅपरची नक्कल करून दुसरा फोल्डर केला. असं होत होत चार फोल्डर झाले: जुन्या ३२-बिट पेटीचा, नव्या ६४-बिट पेटीचा, ऑफिसातल्या पीसीचा, आणि टचस्क्रीनवाल्या एका जुन्या यंत्राचा. एकच गोष्ट चार वेळा लिहिलेली, आणि प्रत्येक ठिकाणी किंचित वेगळी. कुठं काही बदलायचं झालं की चार ठिकाणी बदला. मागं एकदा घड्याळाची एक दुरुस्ती मी तीन ठिकाणी केली आणि चौथं विसरले. एका गावच्या पेट्या दोन दिवस कालची तारीख छापत होत्या.

मला हे चार फोल्डर एक करायचे होते. प्रत्येक सिस्टिम कॉलची एकच फाईल. प्रोसेसरपुरता जो फरक आहे तेवढा एका छोट्या फाईलमध्ये बाजूला. बस.

आमचे मालक बसवराज सर. माणूस मनानं मोकळा, पण चालत्या गाडीचं बॉनेट उघडायचं म्हटलं की त्यांना घाम फुटतो.

“आत्ता चालतंय की नाही?” त्यांनी विचारलं होतं.

“चालतंय, सर.”

“मग कशाला हात लावालाव?”

“चार ठिकाणी चालतंय. पुढच्या वर्षी पाचवा प्रोसेसर घ्यायचं म्हणताय. पाच ठिकाणी कोण चालवणार?”

त्यांनी जरा विचार केला. “घड्याळाचं झालं होतं तसं?”

“तसंच.”

“बरं, करा. पण अमरगोळात एक आठवडा ट्रायल. ज्या सोमवारी यार्डातल्या सगळ्या पेट्या नव्या सॉफ्टवेअरवर जातील, त्याच्या आधीचा आठवडा. मेस्त्रींनी लिस्टवर सही केली तरच पुढं. एक जरी तक्रार आली तर चार फोल्डर परत. आणि मग हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही री, म्याडम.”

“आत री, ठरलं,” मी म्हणाले.

ते दोन महिने कसे गेले मला कळलं नाही. कोड लिहिण्यापेक्षा कोड पुसण्यात जास्त सुख असतं, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. चार फाईली शेजारी शेजारी उघडायच्या, एकसारखं काय ते शोधायचं, एक ठेवायची आणि तीन पुसायच्या. रोज सकाळी ऑफिसला निघताना आज काय पुसायचं याची यादी डोक्यात तयार असायची. स्कूटरवर गाणं गुणगुणत जायचे. शेजारच्या टेबलावरची माणसं म्हणायची, म्याडमचं काहीतरी झालंय.

असंच पुसता पुसता मला तो शून्य दिसला.

फाईलमध्ये ठरावीक जागी जाऊन लिहायचा एक कॉल आहे. त्याला चार गोष्टी लागतात: कुठली फाईल, काय लिहायचं, किती लिहायचं, आणि फाईलमध्ये कितव्या जागी. ही शेवटची ‘कितव्या जागी’ ची संख्या मोठी असते. ३२-बिट प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये ती मावत नाही, म्हणून तिचे दोन तुकडे करून दोन रजिस्टरांत ठेवतात. टचस्क्रीनवाल्या यंत्राच्या फोल्डरमध्ये सरांनी तसंच केलं होतं. जुन्या पेटीच्या फोल्डरमध्ये मात्र दोन तुकड्यांच्या आधी एक शून्य जास्त होता. कशाचा, का, काही लिहिलेलं नव्हतं. दोन्ही प्रोसेसर ३२-बिटचे, दोन्हीकडे दोनच तुकडे, मग हा कोण मध्येच? मी तो काढला. बदलांच्या नोंदीत लिहिलंसुद्धा: ‘निरुपयोगी शून्य काढला.’ उरलेली रजिस्टरं शेवटी शून्यानं भरून टाकायची सरांची सवय होती, ती तेवढी ठेवली.

मग टेस्ट चालवल्या. टेस्ट म्हणजे आपलाच कोड तपासणारे छोटे प्रोग्रॅम. या कॉलची टेस्ट फाईलमध्ये मध्येच कुठंतरी एक ओळ लिहायची, तिथूनच परत वाचायची, आणि दोन्ही सारखं आहे का बघायची. चारही प्रोसेसरवर सगळ्या टेस्ट हिरव्या. मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले. खरंच वाटले.

ट्रायलच्या सोमवारी नवं सॉफ्टवेअर घातलेली एक पेटी, यार्डातल्या सगळ्या पेट्यांसारखी ३२-बिटचीच, फकीरप्पांच्या काट्याला जोडली. जुन्या सॉफ्टवेअरची पेटीही होतीच. वजन दोन्हींकडे जायचं, काही दुरुस्ती लागली तर काट्यावरचा माणूस दोन्हींवर करायचा, आणि खरी यादी जुन्या पेटीचीच धरायची. दोन्ही याद्या जुळवून बघायचं काम माझं, शनिवारी. सोमवार, मंगळवार ठीक गेले. बुधवारी नारळ गेला.

गुरुवारी पुन्हा गेला. या वेळी फकीरप्पांनी मला फोन केलाच नाही. बसवराज सरांना केला.

“म्याडम,” सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, “मेस्त्री नव्या लिस्टवर सही करत नाही म्हणालेत. नारळ नाही तर सही नाही.”

“सर, नारळ म्हणजे काय माल आहे का? पूजेचा विषय आहे तो.”

“ते मला माहीत नाही. सही नाही म्हणजे सोमवार नाही. आणि ही तक्रार झाली, बरोबर की नाही?”

दोन महिन्यांचं काम एका नारळापायी परत चार फोल्डरांत जाणार, याचा मला संताप आला. उद्या स्वतः जाऊन बघते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी सातच्या आधी मी अमरगोळला पोचले. यार्डात कांद्याच्या सालींचा थर पडला होता आणि लॉऱ्या मागं घ्यायची गडबड चालली होती. फकीरप्पांनी मला बघितलं, “बर्री म्याडम, या,” म्हणाले, आणि एका कोनाड्यातून नारळ काढला. हळदकुंकू लावलेला, शेंडी ठेवलेला. काट्यावर ठेवला. दोन्ही पेट्यांवर आकडा आला: शून्य पॉइंट साडेसहाशे.

“बरोबर हाय,” ते म्हणाले आणि नारळ उचलून परत कोनाड्यात ठेवला.

“बरोबर म्हणजे?” मी विचारलं.

“सोमवारी दुकानातल्या लहान काट्यावर मोजून आणतोय. साडेसहाशे. आठवडाभर ह्योच नारळ. सकाळी हितं तेवढाच आला तर काटा बरोबर. कमीजास्त आला तर मी पोतं चढवू देत नाही. शनवारी फोडतोय, सोमवारी नवा.”

इतकी वर्षं मी ज्याला पूजा समजत होते, ते काटा तपासायचं वजन होतं. पूजा होती ती वरची.

“मग हळदकुंकू कशाला, मेस्त्री?”

“ते पण लावतोय. काट्याला काय तरास हाय त्याचा?”

मी त्यांनी दिलेल्या स्टुलावर बसून राहिले. पोती चढत होती, उतरत होती. दहा वाजून गेल्यावर एक पोतं खालून फाटलं. कांदे भसाभस सांडले. हमालांनी गोळा करून दुसऱ्या पोत्यात भरले, पुन्हा काट्यावर ठेवलं. आधीचं वजन बावन्न किलो चारशे होतं, आता एक्कावन्न आठशे आलं. काट्यावरच्या माणसानं दोन्ही पेट्यांवर त्या ओळीची दुरुस्ती केली. नव्या पेटीनं दुरुस्त केलेली ओळ फाईलमधून परत वाचून स्क्रीनवर दाखवली: एक्कावन्न आठशे. सगळं बरोबर.

“आता दोन्ही लिस्ट काढा,” मी म्हणाले.

जुन्या पेटीच्या यादीत वर नारळ, सकाळची वेळ. खाली फाटलेलं पोतं, एक्कावन्न आठशे.

नव्या पेटीच्या यादीत पहिली ओळ: एक्कावन्न आठशे, दहा वाजून वीस मिनिटं. दुसरी ओळ: सात वाजून दहा मिनिटं.

पहिली ओळ दुसऱ्या ओळीनंतरची. आणि खाली, पोत्याच्या स्वतःच्या जागी, अजूनही बावन्न चारशे.

माझी छाती धडधडायला लागली. भीतीनं नाही. ज्यांनी कधी बग शोधलाय त्यांना ही धडधड माहीत असेल. दुरुस्ती पोत्याच्या ओळीवर जायच्याऐवजी फाईलच्या अगदी सुरुवातीला जात होती आणि नारळ पुसून टाकत होती. नव्या ओळी नुसत्या शेवटी जोडल्या जातात; ठरावीक जागी लिहायचा कॉल फक्त दुरुस्तीला लागतो, आणि सोमवार, मंगळवार एकही दुरुस्ती झाली नव्हती, म्हणून नारळ शाबूत. नारळाच्या जागी खऱ्या मालाची ओळ असती, तर एखाद्या शेतकऱ्याची नोंदच गेली असती. आणि स्क्रीन मात्र ठामपणे सांगत होती, सगळं बरोबर आहे.

“सापडला काय नारळ?” फकीरप्पांनी विचारलं.

“सापडेल, मेस्त्री. तुमचं बरोबर होतं. बुधवारीच ऐकायला पाहिजे होतं मी.”

“नोड्री, बघा,” त्यांनी बाकीच्या हमालांना सांगितलं, “म्याडम बरोबर म्हणालाल्यात.” सगळ्यांनी मान डोलावली. मी दोन्ही याद्या घडी घालून पर्समध्ये टाकल्या आणि स्कूटर सुसाट सोडली.

ऑफिसात आल्या आल्या एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. फाईलमध्ये पाच ओळी, पहिली नारळाची. तिसऱ्या ओळीवर दुरुस्ती. मग ती ठरावीक जागची ओळ वाचायची नाही. सगळी फाईल साध्या पद्धतीनं वरून खाली वाचायची. पीसीवर नारळ शाबूत. ६४-बिट पेटीवर शाबूत. टचस्क्रीनवर शाबूत. जुन्या ३२-बिट पेटीवर नारळ गायब.

मग माझ्या टेस्ट हिरव्या कशा? हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. ‘ठरावीक जागी लिही’ आणि ‘ठरावीक जागचं वाच’ हे दोन कॉल. दोन्हींमधला शून्य मी काढला होता. लिहिणारा चुकून सुरुवातीला लिहायचा, वाचणारा तेवढाच चुकून सुरुवातीचं वाचायचा, आणि दोघं एकमेकांची साक्ष काढायचे. माझी टेस्ट त्या दोघांनाच विचारत होती. पेटीची स्क्रीनही त्यांनाच विचारत होती. सगळी फाईल वरून खाली वाचणारी फक्त यादी होती, आणि यादी वाचणारे फक्त मेस्त्री.

शून्यावर संशय होताच. पण तो का लागतो, हे कळेना. जोशी सरांना फोन लावला.

“बोल, सुजाता.”

“सर, जुन्या पेटीच्या फोल्डरमध्ये मोठ्या संख्येच्या आधी तुम्ही एक शून्य ठेवला होता. तो कशाला?”

“तू काढलास काय तो?”

“काढला.”

सर हसायला लागले. “अगं, तो रुमाल आहे. धारवाडच्या बसमध्ये खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात बघ, तसा. त्या प्रोसेसरचा कर्नल म्हणतो, दोन तुकड्यांची संख्या आली की तिला जोडीच्या सीटवरच बसव. सीट शून्य-एक ही जोडी, दोन-तीन ही जोडी, चार-पाच ही जोडी. आधीच्या तिघांनी शून्य, एक, दोन घेतल्या. तीन नंबरची मोकळी आहे, पण जोडी तिथनं सुरू होत नाही. म्हणून तीनवर रुमाल टाकायचा आणि जोडीला चार-पाचवर बसवायचं.”

“आणि मी रुमाल काढला.”

“म्हणून ते तीन-चारवर बसले. कर्नल चार-पाचवर बघतोय. चारवर त्याला संख्येचा वरचा तुकडा दिसला, तो तुमच्या लहान फाईलीत कायम शून्य. पाचवर कोणीच नाही, तिथं आपण शून्य भरलेला. शून्य आणि शून्य. म्हणजे कर्नलला वाटलं, फाईलच्या सुरुवातीला लिहा.”

“टचस्क्रीनच्या प्रोसेसरला का लागत नाही, सर?”

“त्याला जोडीचं काही नाही. मिळेल त्या सीटवर बसतो.”

मला टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं. इतकं सुंदर, इतकं साधं. आणि मी त्याला निरुपयोगी लिहून मोकळी झाले होते.

“सर, एक ओळ लिहून ठेवली असती तर.”

“मला तेव्हा माहीत होतं की,” सर म्हणाले. “ज्याला माहीत असतं तो लिहीत नाही.”

फोन ठेवते तोवर बसवराज सर समोर. सकाळचं सगळं त्यांच्या कानावर गेलेलं.

“म्याडम, झालं ते झालं. तुमची मेहनत मला दिसते. पण मी सांगितलं होतं. सोमवारी जुने चार फोल्डर घाला. ते तरी वर्षानुवर्षं चालतंय.”

दोन महिने डोळ्यांसमोरून गेले. “सर, मला चार वाजेपर्यंत वेळ द्या.”

“काय करणार?”

“सगळे रुमाल मोजणार.”

त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी वेळ दिला.

मोठी संख्या घेणारे कॉल तसे मोजकेच. मी जुन्या पेटीचा, जोशी सरांच्या हातचा फोल्डर उघडला आणि एकेका कॉलला नियम लावत गेले. इथं जोडी कितव्या सीटवर येते? रुमाल पाहिजे का? आहे का? लिहिण्याच्या कॉलला होता. वाचण्याच्या कॉलला होता. फाईल अमुक लांबीला कापायच्या कॉलला नव्हता.

मी तीनदा तपासलं. पाहिजे होता, आणि नव्हता. सर स्वतः एक रुमाल टाकायला विसरले होते. इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, कारण आम्ही तो कॉल एकाच कामाला वापरायचो: दिवस संपला की फाईल रिकामी करायला. म्हणजे लांबी शून्य. शून्य कुठल्याही सीटवर बसवला तरी शून्यच.

पण येत्या सोमवारच्या सॉफ्टवेअरमध्ये एक नवी सोय होती. वीज गेली आणि शेवटची ओळ अर्धवट राहिली, तर पेटीनं तेवढी अर्धवट ओळ कापून टाकायची. म्हणजे पहिल्यांदाच, फाईल शून्याला नव्हे तर मध्येच कुठंतरी कापायची. जुन्या रॅपरवर ते करून बघितलं. फाईलमध्ये पाच ओळी आणि एक अर्धी. पाच ओळींवर काप, म्हणाले.

पेटीनं फाईल साफ रिकामी केली. नारळासकट.

मी उठले, बसवराज सरांच्या केबिनमध्ये गेले, आणि त्यांना हाताला धरून, खरंच हाताला धरून, माझ्या टेबलापाशी आणलं. पुन्हा करून दाखवलं. पाच ओळी, काप, आणि कोरी स्क्रीन.

“हे तुमचं नवं?” सर म्हणाले.

“हे जुनं, सर. सोमवारी परत घालायचं म्हणताय ते.”

सर खुर्ची ओढून बसले. “म्हणजे यार्डात वीज गेली असती तर?”

“सगळ्या पेट्यांची त्या दिवसाची यादी कोरी.”

“आणि नव्यात?”

“नव्यात मी शून्य काढलाय, तेव्हा तेही आत्ता चुकतंय. पण बघा.” मी नव्या फाईली उघडल्या. ‘मोठी संख्या जोडीच्या सीटवरच’ हा नियम जुन्या प्रोसेसरच्या छोट्या फाईलमध्ये एकदाच लिहिला. वर सरांच्या वाटणीची टीप लिहिली, रुमालासकट. आता प्रत्येक कॉल त्या नियमातूनच जाणार. रुमाल टाकायला कुणी विसरू शकत नाही, कारण कुणाला तो हातानं टाकायचाच नाही. पुन्हा चालवलं. लिहिलं बरोबर, वाचलं बरोबर, कापलं बरोबर. नारळ जागच्या जागी.

“जुनं चार ठिकाणी चुकू शकतं, सर. नवं एकाच ठिकाणी चुकलं आणि एकाच ठिकाणी दुरुस्त झालं.”

बसवराज सरांनी खुर्ची मागं सारली. “उद्या मेस्त्रींची सही आणा,” ते म्हणाले. “मग बघू.”

संध्याकाळी जोशी सरांना फोन करून सांगितलं, सर, तुमचा पण एक रुमाल राहिला होता. ते पुन्हा हसले, पण जरा कमी.

शनिवारी दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर पेटीत घालून मी दिवसभर यार्डात बसले. एकही पोतं फाटेना. शेवटी मीच एका रिकाम्या वेळी मेस्त्रींना विनंती करून एक पोतं दोनदा मोजायला लावलं आणि दुरुस्ती करायला सांगितली. मग मेन स्विच बंद करून चालू केला. मग यादी काढली. फकीरप्पांनी कागद हातात घेतला, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. शून्य पॉइंट साडेसहाशे, सात वाजून पाच मिनिटं. बोट सावकाश खाली गेलं, दुरुस्तीच्या ओळीवर थांबलं, जुन्या पेटीच्या यादीशी त्यांनी ताडून बघितलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली. माझे डोळे भरून आले, ते मी कांद्यांवर ढकललं.

मग त्यांनी तो आठवड्याचा नारळ फोडला. एक मोठी कवड मला दिली. घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं आणि अर्धं खोबरं त्यांच्या हातावर ठेवलं. अप्पांनी ते खाल्लं, म्हणाले, “वर्कशॉपात आम्ही पण सकाळी माहितीतल्या मापाचा एक लोखंडी तुकडा मोजून बघायचो. मग कामाला हात लावायचो.”

“मग मला कधी सांगितलं नाहीत ते?”

“तू कधी विचारलंस?”

सोमवारी यार्डातल्या सगळ्या पेट्या नव्या सॉफ्टवेअरवर गेल्या. चार फोल्डर मी स्वतःच्या हातानं पुसले. पुढच्या आठवड्यात दोनदा वीज गेली. एकही यादी कोरी आली नाही.

मी शिकले ते एवढंच. दोघं एकमेकांची साक्ष काढत असतील तर तिसऱ्याला विचारावं. आणि जे कशासाठी आहे ते कळत नाही, ते काढण्याआधी ठेवणाऱ्याला एक फोन करावा. धारवाड काही लांब नाही.

तो शुक्रवारचा छोटा प्रोग्रॅम आता आमची पक्की टेस्ट आहे. पहिल्या ओळीत नारळ लिहायचा, मग फाईलमध्ये काय हवे ते उद्योग करायचे, आणि शेवटी नारळ जागेवर आहे का ते साध्या पद्धतीनं वाचून बघायचं. ती नापास झाली की स्क्रीनवर एकच ओळ येते. बसवराज सर म्हणाले, हे जरा इंग्रजीत करा, कुणी बाहेरच्यानं बघितलं तर काय म्हणेल. मी नाही केलं. मध्ये पाचवा प्रोसेसर आला, तेव्हा पहिल्याच दिवशी ती ओळ आली: ‘नम्म तेंगिनकाई एल्ली?’

ती आली की ऑफिसात कुणी हसत नाही. हातातलं काम ठेवतो आणि आधी नारळ शोधतो.